मुद्दा तिसरा: न्हाणीघरातली घंटा

माझं अक्षर चांगलं आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे काही झालं ते या हातानं झालं. शाळेत असल्यापासून लोक माझ्याकडून अर्ज लिहून घेत आलेत आणि मी खुशीनं लिहून देत आलोय. सरकारी रुग्णालयात मी व्यवस्थापक आहे, एकोणीस वर्षं झाली. मागून मला सगळे कागदोबा म्हणतात. पूर्वी ते ऐकून मला गंमत वाटायची, आता कानात काटा गेल्यासारखं होतं.

गेल्या वर्षी वरच्या कार्यालयातून हिरव्या पुठ्ठ्याची पुस्तिका आली, 'नेतृत्व आणि व्यवस्थापन मानके'. अख्ख्या आरोग्य सेवेत जो कोणी दुसऱ्या माणसाला काम सांगतो, त्या प्रत्येकाला ती लागू. मोठ्या रुग्णालयाचा प्रमुख असो नाहीतर दोन खोल्यांच्या दवाखान्यातली परिचारिका असो, मोजपट्टी एकच. एकूण चोवीस मानकं. आता लोकांना वाटेल, मी पुस्तिकेला नावं ठेवणार. अजिबात नाही. त्यात वाईट एक ओळ नव्हती. हाताखालच्या माणसाशी नीट बोलावं, त्याचं ऐकावं, चूक झाली तर ती लपवू नये, असंच सगळं. कुणीतरी जीव लावून लिहिलं असणार. मी ती दोनदा वाचली आणि दोन्ही वेळा माझी नजर फक्त प्रत्येक मानकाखालच्या चौकटीवर होती. चौकटीत लिहिलं होतं, 'पुरावा'.

तपासणी अकरा दिवसांवर आलेली. तेवीस मानकांचे पुरावे मी इकडून तिकडून जमवले. सहावं अडलं. 'कर्मचाऱ्यांचे म्हणणे नियमित ऐकून घेतो व त्यावर कृती करतो.' पुरावा: मागच्या सहा महिन्यांच्या मासिक बैठकांचं इतिवृत्त, उपस्थितांच्या सह्यांसह. आमच्याकडे सहा महिन्यांत एकही बैठक झाली नव्हती. तसं कबूल करून, या महिन्यापासून घेतो म्हटलं असतं, तर फार तर चार गुण गेले असते. चार गुणांनी काही आभाळ कोसळलं नसतं. पण माझ्या नाकावर माशी बसलेली मला चालत नाही ना.

मग मी दोन दिवस दार लावून बसलो आणि सहा बैठका घेतल्या, एकट्यानं. वेगवेगळी पेनं वापरली. एका बैठकीला मुद्दाम उशिरा सुरुवात केली, कारण खऱ्या बैठका वेळेवर सुरू होत नाहीत. एकीत थोडी खडाजंगीही घातली. हे सांगताना आता तोंड लपवावंसं वाटतं, पण तेव्हा मला मजा येत होती. आपण किती हुशार आहोत, असं वाटत होतं.

एकच अडचण होती. बैठकीत लोकांनी बोलायचं काय? सगळंच मनचं लिहिलं तर वास येतो. चार-दोन खऱ्या तक्रारी हव्यात. म्हणून मी आठवायला लागलो, मागच्या सहा महिन्यांत आपल्याला कोण काय म्हणालं. आणि मला आठवली एकच गोष्ट. हेही लाज वाटण्यासारखंच आहे. दोनशे माणसं रोज आजूबाजूला असतात आणि सहा महिन्यांतलं एक वाक्य आठवतं.

ते वाक्य मावशींचं होतं. मावशी म्हणजे पुरुषांच्या वॉर्डातल्या कक्षसेविका. रुग्णांच्या आंघोळी, चादरी, भांडी, सगळं त्यांच्याकडे. सत्तावीस वर्षं नोकरी, निवृत्तीला चौदा महिने उरलेले. त्यांनी एकदा मला जिन्यात गाठलं होतं. हातात चादरींचं बोचकं होतं. म्हणाल्या, "साहेब, न्हाणीघरातली घंटा सकाळी वाजत नाही. गरम पाणी सुरू झालं, वाफ झाली, की ती गप्प. दुपारी परत वाजते. मी दुरुस्तीच्या वहीत लिहिलंय, पण वायरमन दुपारी येतो, दाबतो, वाजली म्हणतो नि जातो. तुम्ही जरा सांगाल का त्याला?"

मी म्हटलं, "बघतो." माझा पाय तेव्हा पुढच्या पायरीवर पडलेला होता. वर जाईपर्यंत मी ते विसरलो.

तर ते मी चौथ्या बैठकीत घातलं. मुद्दा तिसरा. 'पुरुष वॉर्डाच्या न्हाणीघरातील घंटा सकाळच्या वेळी वाजत नसल्याचे कक्षसेविकेने निदर्शनास आणले. व्यवस्थापकांनी तात्काळ दखल घेऊन दुरुस्ती करून घेतली. तक्रार निकाली.' अक्षर असं उतरलं होतं की फ्रेम करून लावावं.

मग सह्या. कोऱ्या रकान्यांचे कागद घेऊन मी वॉर्डावॉर्डांत फिरलो. मावशी एका म्हाताऱ्याची नखं कापत होत्या. हात पुसून आल्या. चष्मा कपाटात राहिला होता.

"कसली सही, साहेब?"

"बैठकीची."

"झाली का बैठक?"

"झाली असं समजा."

त्या हसल्या. "मग चहा तरी समजूनच पाजलात म्हणायचा." आणि मी बोट ठेवीन तिथे सहा सह्या करून दिल्या. त्यांच्या सहीला मागे एक शेपटी आहे, शेवटच्या अक्षराला. सहा शेपट्या मी बघितल्या आणि कागद बगलेत मारले.

इथवर फक्त खोटेपणा होता. पुढचा गाढवपणा मात्र खास माझा. पुराव्याला आणखी वजन यावं म्हणून मी प्रत्येक बैठकीची एक प्रत ज्या-त्या विभागाला पाठवली, त्यांचा 'मिळाली'चा शिक्का हवा म्हणून. चौथ्या बैठकीची प्रत गेली दुरुस्ती विभागात. वायरमननं ती वाचली. बाकी कुणी माझे कागद वाचत नाही, पण या भल्या माणसानं वाचली. व्यवस्थापकांनी स्वतः दुरुस्ती करून घेतलीय म्हटल्यावर त्यानं वहीतली मावशींची नोंद खोडली. नंतर कळलं, वारंवार तीच तक्रार येते म्हणून त्याच आठवड्यात तो एकदा सकाळी येऊन बघणार होता.

तपासणीला ज्या निरीक्षक बाई आल्या त्या चांगल्या होत्या. थकलेल्या, पण मन लावून वाचणाऱ्या. मुद्दा तिसरा त्यांनी दोनदा वाचला. म्हणाल्या, "असं नेमकं कुठेच सापडत नाही हो. सगळीकडे नुसतं 'चर्चा झाली' लिहिलेलं असतं."

इथे मी गप्प बसायचं होतं. पण नाही. मी म्हणालो, "बैठकीचंच कशाला, बाई. मला कुणी जिन्यात अडवलं तरी मी थांबून ऐकतो."

बाईंनी ते लिहून घेतलं. सहाव्या मानकाला पूर्ण गुण दिले. शिवाय म्हणाल्या, "हे उदाहरण प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत घालू. सगळ्या सेवेतल्या लोकांना वाचायला मिळू दे." मोठ्या डॉक्टरांनी, म्हणजे आमच्या रुग्णालय प्रमुखांनी, सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. माझी छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू.

त्यानंतर नवव्या दिवशी सकाळी पुरुष वॉर्डातले एक शिंपीकाका न्हाणीघरात पाय घसरून पडले. आतून कडी. आत गरम पाणी चालू. भिंतीवरचं घंटेचं बटण त्यांच्या हाताला लागत होतं. ते दाबत राहिले, पंचवीस मिनिटं. मावशी त्या सकाळी एकट्याच होत्या, वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला एकाची पाठ पुसत होत्या. पाणी दाराखालून बाहेर आलं तेव्हा त्यांना कळलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. स्ट्रेचरवरून नेताना शिंपीकाका एवढंच म्हणत होते, "मी दाबत होतो. मी किती वेळ दाबत होतो."

चौकशी लागली. समितीत मोठे डॉक्टर, वरच्या कार्यालयातले एक अधिकारी, आणि लिहायला मी. चांगलं अक्षर ना.

अधिकारी दुपारच्या गाडीनं आले. तीन वाजता आम्ही न्हाणीघरात गेलो. फरशी कोरडी ठणठणीत. अधिकाऱ्यांनी बटण दाबलं आणि घंटा वाजली, खणखणीत. बाहेर दोन रुग्ण दचकून उठून बसले.

"दुपारी वाजते," मावशी म्हणाल्या. "सकाळी दाबून बघा, साहेब."

"सकाळी मी कुठून येऊ? माझी गाडीच दुपारची आहे," अधिकारी म्हणाले. मग आम्ही खोलीत येऊन बसलो. मोठ्या डॉक्टरांनी माझी फाईल उघडली, चौथी बैठक, मुद्दा तिसरा. मोठ्यानं वाचला. दुरुस्ती झाली, तक्रार निकाली, तीन महिन्यांपूर्वी. खाली मावशींची सही.

"ही सही तुमची?"

मावशींनी आज चष्मा लावला होता. त्यांनी कागद जवळ घेतला. पहिल्यांदाच वाचत होत्या. ओठ हलत होते. वाचून झाल्यावर त्यांनी मान वर केली ती माझ्याकडे बघत.

"सही माझीच आहे."

"म्हणजे घंटा दुरुस्त झाल्याचं तुम्हाला माहीत होतं. मग आता वाजत नव्हती म्हणता ते कसं? आणि या बैठकीला तुम्ही होतात ना?"

त्यांना सांगता आलं असतं. बैठक झालीच नाही, समजा म्हणाले नि सही घेतली, एवढं म्हटलं असतं तरी माझं भांडं तिथेच फुटलं असतं. त्यांनी पदराचं टोक दोन बोटांत धरलं आणि म्हणाल्या, "साहेबांना विचारा ना. साहेब सांगतील."

खोलीतले सगळे माझ्याकडे बघायला लागले. हातातलं पेन चालूच होतं. त्यांचं वाक्य मी लिहीत होतो, 'साहेब सांगतील'. आणि मान खाली ठेवूनच मी म्हणालो, "नोंद आहे तशी आहे."

बस, एवढंच बोललो. हे चार शब्द मी आयुष्यभर धुतले तरी जायचे नाहीत.

निष्कर्ष मीच लिहिला. घंटा चालू होती, कक्षसेविकेने प्रतिसाद दिला नाही, कर्तव्यात गंभीर हयगय, सेवेतून कमी करण्याची शिफारस, अंतिम निर्णयापर्यंत निलंबन. मावशींनी खुर्ची सरकवून ठेवली, आवाज न करता. जाताना माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

घरी गेलो. बायको शाळेत शिकवते, वह्या तपासत बसली होती. माझं तोंड बघून म्हणाली, "काय हो, कुणाला मारून आलात का?" मी तिला सगळं सांगितलं. जिना, बैठका, सह्या, ते चार शब्द. ती तांबडं पेन हातात धरून ऐकत होती.

"माझ्या वर्गात एकानं दुसऱ्याचं उतरवलं तर मी त्याला उभं करते," ती म्हणाली. "तुम्ही तर अख्खा वर्गच कागदावर भरवलात. नि नापास कोणाला केलंत, तर त्या बाईला."

"मला माहीत आहे."

"माहीत आहे, मग माझ्यापुढे कशाला सांगत बसलात? मी काय समितीत आहे?"

तिनं पुढची वही ओढली. माझ्याकडे पाठ केली नाही, पण तसंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेलो. म्हटलं, "सर, त्या बैठका झाल्या नव्हत्या. सहाही मी लिहिल्या. घंटा कधीच दुरुस्त झाली नव्हती." उभ्या उभ्याच सांगितलं. बसलो असतो तर बोललोच नसतो.

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते माझ्याकडे नाही, समोरच्या हिरव्या पुस्तिकेकडे बघत होते. मग उठून दार लावलं.

"छापायला गेलंय ते," ते म्हणाले. "तुमचं उदाहरण. सगळ्या रुग्णालयांना जाणार आहे. आपल्याला पहिला क्रमांक मिळालाय. आता बैठकाच खोट्या म्हटलं तर नुसतं सहावं मानक नाही, चोवीसच्या चोवीस जातील. तुम्ही जाल, मीही जाईन."

"पण मावशी जातायत, सर."

"नाही जाणार. आपण असं करू. एक खुलासा लिहा. बायकांच्या वॉर्डातली दुरुस्ती नजरचुकीनं पुरुष वॉर्डाच्या नावावर नोंदली गेली. म्हणजे घंटा नादुरुस्त असू शकते, संशयाचा फायदा बाईंना. त्या कामावर परत. सगळं मिटलं. तुमची लाज तुमच्यापाशी ठेवा, ती सगळ्या रुग्णालयावर सांडू नका."

मी खरं सांगायला गेलो होतो. तासाभरानं बाहेर आलो तेव्हा माझ्या हातात नवा खोटा कागद होता, माझ्याच अक्षरात. आणि सर्वात वाईट म्हणजे मला हलकं वाटत होतं. मावशींची नोकरी वाचली, शिवाय माझीही. जिना उतरताना मी शीळसुद्धा घातली असेल. आठवत नाही, आणि आठवायची इच्छा नाही.

मावशींच्या घरी जाऊन सांगायचं धैर्य झालं नाही. पत्र पाठवलं. निलंबन मागे, अमुक तारखेपासून रुजू व्हावे.

त्या तारखेला सकाळी साडेसातला त्या माझ्या खोलीत आल्या, कामाचे कपडे घालून. बारा दिवस घरी होत्या. बारीक झाल्या होत्या.

"डॉक्टर फोनवर म्हणाले, तुम्ही स्वतः गेला होतात माझ्यासाठी बोलायला. म्हटलं, आधी तुम्हाला भेटून मग वॉर्डात जावं. उपकार झाले, साहेब."

मेलो असतो तर परवडलं असतं. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर मी मान खाली घालून खाल्ल्या असत्या. पण हे मला गिळता आलं नाही.

"उपकार म्हणू नका, मावशी," मी म्हणालो. "बैठक झाली नव्हती, ते तुम्हाला माहीतच आहे. पण तुम्हाला हे माहीत नाही की त्या कागदाची प्रत मी वायरमनकडे पाठवली. घंटा नीट झाली असं त्यात मीच लिहिलं होतं, म्हणून त्यानं तुमची नोंद खोडली. नाहीतर तो येणार होता. शिंपीकाका पडले ते माझ्यामुळे. तुम्ही घरी बसलात तेही माझ्यामुळे. आणि डॉक्टरांना खरं सांगूनसुद्धा मी परत खोटंच लिहून दिलं. मला माझीच किळस आलीय."

मला वाटलं, आता त्या काहीतरी बोलतील. चिडतील, रडतील, निदान दार आपटून जातील. किंवा, लपवत कशाला, असू द्या म्हणतील असंही आत कुठेतरी वाटत होतं. कबुली दिली की समोरच्यानं काहीतरी द्यावं, अशी हाव असते माणसाला.

मावशी उभ्या होत्या तशाच उभ्या राहिल्या. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "घंटा झाली का?"

"काय?"

"घंटा. नीट झाली का ती?"

इतक्या दिवसांत मी काय काय लिहिलं होतं, चौकशी, निष्कर्ष, खुलासा, पत्र. घंटेचं मी कुणाला विचारलंसुद्धा नव्हतं. घाईघाईनं दुरुस्तीची वही काढली. खुलाशानंतर नोंद होती. वायरमनची सही, 'तपासली, वाजते'. वेळ, दुपारी सव्वातीन.

मी वही त्यांच्यापुढे केली. त्यांनी ती घेतली नाही.

"आत्ता आंघोळीची वेळ आहे," त्या म्हणाल्या. "चला."

आम्ही वॉर्डात गेलो. न्हाणीघरातून एक जण नुकताच बाहेर पडला होता, दुसरा टॉवेल घेऊन वाट बघत होता. मावशींनी त्याला जरा थांबायला सांगितलं. आत वाफ भरली होती, माझा चष्मा पांढरा झाला. बटण खाली आहे, बसलेल्या माणसाच्या हाताला येईल असं. मी ओल्या फरशीवर गुडघा टेकला आणि दाबलं. परत दाबलं. मग दाबून धरलं. बाहेर कुणीतरी खोकत होतं, तेवढं ऐकू आलं.

"सकाळी वाजत नाही, साहेब," मावशी म्हणाल्या. जिन्यात म्हणाल्या होत्या त्याच आवाजात, अगदी तशाच.

माझ्या तोंडावर 'बघतो' आलं होतं. खरंच आलं होतं. मी ते गिळलं. उठलो, दुरुस्ती विभागात फोन लावला आणि वायरमनला म्हटलं, हातातलं सोडून आत्ता ये, दुपारी नको. तो म्हणाला, तासभर तरी लागेल.

टॉवेलवाला म्हातारा दारात चुळबुळत होता. "मी जाऊ का आत?" त्यानं मावशींना विचारलं. मावशींनी एकदा वॉर्डाकडे बघितलं. बावीस पलंग, सगळ्या चादरी बदलायच्या होत्या. मग त्यांनी कोपऱ्यातलं लोखंडी स्टूल ओढलं, न्हाणीघराच्या दाराशी ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं.

"बसा इथे," त्या म्हणाल्या. "आतून कुणी हाक मारली तर उठा."

मी बसलो.